बेवारस सामानातली राखाडी बॅग

प्रिय घुम्या,

फोन तीनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. तू नुसतं हं हं करशील आणि मी एकतर रडेन नाहीतर तुला फाडून खाईन, म्हणून लिहायला बसले. तू आला होतास. तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी, दुपारच्या विमानाने, इथे, माझ्या विमानतळावर तू उतरलास आणि घरी न येता परत गेलास. हे मला आज कळलं. काल कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचं विमानतळ तू गेलास तेव्हा होतं तेवढंच आहे. बाहेर 'आंतरराष्ट्रीय' असं भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि आत सामानाचा पट्टा एकच. परदेशची विमानं आठवड्याला चार. पण या बाजूच्या सगळ्या गावांतून जो कोणी पोटासाठी बाहेर जातो तो इथूनच जातो आणि येतो तोही इथूनच, त्यामुळे साऱ्या मुलखाचं हसणं-रडणं या एका दारात चालतं. पट्ट्याच्या मागे माझी हरवलेल्या सामानाची खोली. बॅग आली नाही की लोक माझ्यावर असे ओरडतात, जणू मीच ती घरी नेऊन ठेवलीय. कधीकधी उलटं होतं. बॅग येते आणि माणसाचा पत्ता नसतो. अशी बॅग एकवीस दिवस फळीवर ठेवायची, मग साक्षीदारासमोर उघडायची आणि आतल्या एकेका वस्तूची यादी करायची, असा नियम आहे. त्या गुरुवारी अशीच एक राखाडी बॅग पट्ट्यावर एकटी फिरत राहिली. चिठ्ठी फाटलेली, नाव गायब, नंबर अर्धा. मीच ती ओढून आत आणली. एकवीस दिवस मी तिच्यावर जेवणाचा डबा ठेवत होते रे!

आज सकाळी कस्टमचे साहेब समोर बसले, मी कुलूप तोडलं आणि यादीला लागले. पुरुषी शर्ट पाच. गुडघ्याला बांधायचे पट्टे, एक जोडी, नवे. लोकरीची शाल, बाईची. चामडी पाकिटात बारीक स्क्रूड्रायव्हर बारा, चिमटे दोन, डोळ्याला लावायचं भिंग एक, सगळं कोरं. तुला सांगते, इतक्या वर्षांच्या सवयीने माझे डोळे वस्तू मोजतात, बघत नाहीत. गुडघ्याचे पट्टे कोणाच्या आईचे, स्क्रूड्रायव्हर कोणत्या घड्याळजीचे, असला विचार मनाला शिवलासुद्धा नाही. चौदा नंबरला मी लिहिलं, 'पत्रांचा गठ्ठा, रबर लावलेला, अक्षर गिचमिड.' पंधरावी वस्तू काढायला हात आत घातला आणि तसाच राहिला. ते गिचमिड अक्षर माझं होतं. नऊ वर्षांत तुला लिहिलेली सगळी पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. साहेबांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं, मला चक्कर आली. तुझं काही बरंवाईट झालं असणार, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

मग मी कॅमेऱ्याच्या खोलीत धावले. तिथली बाई माझी मैत्रीण आहे, म्हणून तिने काही विचारलं नाही. चित्रण महिनाभर ठेवतात, तेवढं नशीब. आणि दिसलास. पोक काढून चालायची सवय अजून गेली नाही तुझी, बाकी किती बारीक झालायस! पट्ट्यापाशी उभा होतास. माझं दार तुझ्यापासून वीस पावलांवर होतं आणि मी आत बसून कोणाची तरी बाबागाडी फोनवरून शोधत होते. बॅग तुझ्यासमोरून एकदा गेली, तू हात पुढे केलास आणि त्याच वेळी बाहेरच्या दाराकडे बघितलंस. त्या दाराची काच छातीपर्यंत दुधी आहे, वर तेवढे न्यायला आलेल्यांचे चेहरे दिसतात. त्या चेहऱ्यांत बाबा होते. डोक्यावर हॉटेलच्या ड्रायव्हरची निळी टोपी. तुझा हात तसाच हवेत राहिला. बॅग दुसऱ्यांदा आली, गेली. मग पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी बाजूने जिना आहे, त्याने तू वर चढलास. तिकीट खिडकीवर विचारलं तर तिथल्या मुलीच्या लक्षात होतास. ज्या विमानाने आलास त्याच विमानाने परत गेलास, नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी.

तू का फिरलास ते चित्रणात दिसत नाही. राग आला की लाज वाटली की नुसताच घाबरलास, देव जाणे. पण तुला तो धक्का मी दिला, हे कबूल करते. दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. घड्याळ आता कोणी दुरुस्त करत नाही, सरळ नवीन घेतात. बाबांनी शेवटी हॉटेलची गाडी धरली, विमानतळावरून पाहुणे आणायचे-सोडायचे. घरात आम्हाला बजावलं, त्याला कळता कामा नये. तू दुकानात बसायला नकार देऊन गेलास त्यावरून तुमचं बोलणं तुटलेलं, त्यात दुकानच बुडालं हे तुला कळणं त्यांना सोसलं नसतं. मग मी प्रत्येक पत्रात दुकान जोरात चाललंय असं दडपून लिहीत गेले. गेल्या वेळी तर बाबांना जेवायला फुरसत नसते म्हणून लिहिलं, अगदी कहर केला. ते वाचून तू त्यांच्यासाठी हत्यारं आणलीस. म्हणजे आईलाच नाही, त्यांनाही भेटायला आला होतास. घुम्या, मला माफ कर. ती हत्यारं यादीत लिहिली तेव्हा माझा हात जराही अडखळला नाही, याची मला आता शिसारी येते आहे.

पण पत्र मी माफीसाठी लिहीत नाही. बाबांनी तुला बघून जाऊ दिलं का, ते मला बघायचं होतं, आणि तसं निघालं असतं तर आज घरी जाऊन मी त्यांना सोडणार नव्हते. म्हणून मैत्रिणीला बाहेरच्या बाजूचा कॅमेरा लावायला सांगितला. हॉटेलचे पाहुणे दुसराच ड्रायव्हर घेऊन गेला. बाबांच्या हातात एक पाटी होती, छातीशी धरलेली, म्हणजे नेमकी दुधी काचेच्या मागे. पाटीवर तुझं नाव होतं. आधी तुझं, मग त्यांचं, मग आडनाव. यापुढे माझं नाव लावायचं नाही, असं तुला दारात बजावणाऱ्या माणसाने ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आईला फोन करून बाबा त्या दिवशी तिथे कसे, एवढंच विचारलं तेव्हा ती रडतच कबूल झाली. तू येणार हे कोणाला सांगू नकोस म्हणून तू तिला शपथ घातलीस आणि तिने आदल्या संध्याकाळी बाबांना सांगून टाकलं. तू विमानात बसून त्यांच्या डोक्यावरून उडून गेलास तेव्हा ते खाली दारातच उभे होते. सगळे गेले, फरशी पुसणारी बाई त्यांच्या पायांना वळसा घालून पुसून गेली, तरी उभे. घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, आला नाही. नंतर तू तिला रजा मिळाली नाही म्हणून सांगितलंस, त्यामुळे दोघांनाही तेच खरं वाटतंय. मी त्यांना काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांचा फोन नंबर कागदाच्या मागे लिहिते. तू त्यांना फोन कर आणि सांग, बाबा, मी आलो होतो.

तुझीच, अजून या खुर्चीतून न उठलेली,
ताई