मोडक्या रेडिओतली कॅसेट

मी, रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेला इसम, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण ते फिरलंय असं माझा मुलगा गल्लीभर सांगतो.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते भाचीला मिळावं. ती साधा स्क्रू उचलतानाही विचारायची, "मामा, हा लागणार आहे का?" मी हो म्हणायचो, ती हसून जागच्या जागी ठेवायची. मुलाचा घरावर काडीचा हक्क नाही.

२. सूनबाईंना घरातले झाडू आणि फिनेलच्या बाटल्या द्याव्यात. मी ऑपरेशनसाठी इस्पितळात होतो, तेव्हा नवराबायकोने भंगारवाला बोलावून माझी मागची खोली रिकामी केली. मी आलो तर भिंतींना नवा रंग. "बाबा, आता कसं मोकळं वाटतंय ना?" मुलगा म्हणाला. मी तसाच भंगारवाल्याकडे धावलो. तोवर सगळं फोडून झालं होतं.

३. मुलास कळावे. मी काही टाकत नसे, हे खरं. तुझी आई एका दुपारीत गेली, तू तीन वर्षांचा होतास. तेव्हापासून हातातली वस्तू सोडायची म्हटलं की माझी बोटं आखडतात. तुम्ही त्याला कचरा म्हणालात.

त्या कचऱ्यात काच फुटलेला एक तपकिरी रेडिओ होता. त्याच्या पोटात कॅसेट होती. चांगली कॅसेट बाहेर दिसली की कोणीतरी तिच्यावर गाणी भरतं, म्हणून आम्ही धंदेवाले ती मेलेल्या सेटमध्ये ठेवतो. झिजेल म्हणून मी ती वाजवलीही नाही. तुझ्या लग्नात लावीन म्हटलं, मग बाळाच्या बारशाला. राहूनच गेलं.

त्यात तुझी आई तुला भरवत होती. "एवढा एकच घास, मग बाबांचा रेडिओ लावू," म्हणत होती. आईचा आवाज कसा होता, हे तू लहानपणी सारखं विचारायचास. तो तू किलोच्या भावाने विकलास.

हे वर्षभर मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू रडला असतास आणि मी विरघळलो असतो. मला विरघळायचं नव्हतं.

४. मुलास माझा टेपरेकॉर्डर द्यावा. नवा पट्टा घातला आहे, हेड पुसलं आहे. आवाज अगदी स्वच्छ येतो.

साक्षीदार: माझे डॉक्टर, शेजारचा शिंपी (तिसरं कलम खोडा म्हणाला, खोडलं नाही).

स्थळ: रिकामी केलेली मागची खोली.
दिनांक: ती रिकामी केल्याला वर्ष झालं तो दिवस.
सही: तुझा बाप