तो मेसेज फेक नव्हता

आई,

पिहू झोपलीये, प्रफुल्ल तिच्याजवळ आहे. तुम्ही पंचवटीतून भाजी घेऊन याल तोवर मी शाळेत पोचलेली असेन. तिचा वरणभात कुकरमध्येच आहे.

काल तुम्ही ग्रुपवर पाठवलंत ना, की बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात? पाणीकपातीची बातमी आणि तीन हृदयांचा ऑक्टोपस यांच्यामध्ये आला होता तो मेसेज. मी पडले विज्ञानाची बाई! न वाचताच "फेक आहे, आई" असं ठोकून दिलं, वर हसणारे चेहरे टाकले. तुम्ही मुकाट्यानं तो काढून टाकलात.

आज पहाटे पिहूला पाजताना शोधून पाहिलं. खरं आहे, आई! कितीतरी वर्षांनीही सापडल्यात तशा पेशी. पिहूकडे बघतच राहिले, आणि एकदम तुमची रोहिणी आठवली. सव्वा महिन्याची होऊन गेलेली. तिचं नाव घरात कुणीच काढत नाही.

माझं चुकलं. तो मेसेज पुन्हा टाका, मी सगळ्यांना सांगते खरा आहे म्हणून. आणि संध्याकाळी मला सांगाल का, माझ्या वन्सं कुणासारख्या दिसायच्या?

योगिनी