आजीचं कोमट

३ जानेवारी
लिहायला बसावं लागलं, कारण यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्या हातात मासे? मग झालंच त्यांचं कल्याण." मुलगा-सून नातीला घेऊन महिनाभर परगावी. नात माशांची टाकी खालच्या नर्सबाईंकडे ठेवणार होती. मी घरात असताना? बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं माझं. टाकी ठेवून घेतली. मासे चार, सर्वांत जाडा तो कोतवाल, नातीचा जीव की प्राण. तिची एकच सूचना: पाणी कोमट हवं. एवढंच ना!

५ जानेवारी, सकाळ
टाकीतल्या हीटरचा दिवा विझलेला. बंद पडला. नात फोनवर म्हणे, "अगं आजी, पाणी पुरेसं तापलं की दिवा आपोआप विझतो." दुकानदार पोरांना काहीही सांगतात. तांब्याभर गरम पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं. उत्तम कोमट. याच कोपराच्या अंदाजाने दोन मुलांना न्हाऊ घातलंय. यांचं म्हणणं, दोघंही अजून गार पाण्यानेच आंघोळ करतात, का ते विचार.

७ जानेवारी
दिवा विझलेलाच, त्यामुळे तांब्या दोन्ही वेळा चालू. मासे मला ओळखू लागले. मी आले की चौघंही वर येऊन तोंडं उघडतात. कौतुकाने नातीला कळवलं. ती किंचाळली, "आजी, ते गुदमरतायत! पाणी गार कर!" गार तर गार. बर्फाचा अख्खा ट्रे रिकामा केला.
दुपारी दिवा पेटला! हीटरला एक चापट दिली होती, तिचा गुण.

८ जानेवारी
मासे तळाशी, एका जागी. शिस्त लागली. हे म्हणाले, "शिस्त नव्हे, हुडहुडी." संध्याकाळी दिवा पुन्हा विझला. चापट मारली. उपयोग शून्य. तांब्या.

९ जानेवारी
कोतवाल आडवा पोहतोय. नवीन काहीतरी.
दुपार. पोहत नव्हता.
जास्वंदीच्या कुंडीत पुरला. मग टाकीसमोर स्टूल घेऊन बसले. एका हातात तांब्या, एका हातात ट्रे. काय ओतावं कळेना. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा यांना विचारलं, "काय करू हो?" यांनी हातातून तांब्या आणि ट्रे दोन्ही काढून घेतले.

१० जानेवारी
नातीला मीच सांगितलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "उरलेले नर्सबाईंना दे. आणि आजी, तोवर काही ओतू नकोस ना, प्लीज."
नर्सबाईंना सुपूर्द: टाकी, हीटर, जाळी, खाद्याची डबी, मासे तीन. त्यांनी विचारलं, "पाणी कोमटच ना?" हे जिन्यातून ओरडले, "हो, पण हिचं कोमट नव्हे!"
टाकी मांडून बाईंनी हीटर लावला. दिवा पेटला. चहा होईतो विझला. मी बघितलं. बंद पडलाय, हे काही त्यांना सांगितलं नाही. कळेल आपोआप.