‘नका’ राहून गेलेली भिंत

दाजी,

तुम्हाला आणि ताईला माझा वाकून नमस्कार. ताईचा गुडघा आता तिला जिना चढू देत असेल आणि तुमचा खोकला तुम्हाला बातम्या ऐकू देत असेल, अशी आशा आहे. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत. मी जरा कमी ठीक आहे, पण ते दुखणं नाही, तेव्हा काळजी नसावी.

परवा मंगळवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले, निळ्या रंगाचा लहान डबा आणि रुंद ब्रश घेतला, रस्ता ओलांडून समोरच्या पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी शेजारचा बेकरीवाला म्हणाला, “सुबक, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का?” (गावच्या शाळेत गुरुजींनी माझ्या पाटीवर ‘सुबक’ असा शेरा दिला आणि तेच माझं नाव होऊन बसलं, हे तुम्ही आमच्या लग्नाच्या पंगतीत पानापानावर जाऊन सांगितलं होतं. मी विसरलेलो नाही.)

पण हे समजायला महिनाभर मागे जायला हवं. ठाण्यात नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की इथे ज्यांना धरून आणतात तेवढेच लोक येतात. आपल्या पायांनी कोणी येत नाही. उलट ठाणं जवळ आलं की माणसं रस्त्याची बाजू बदलतात. (माझं दुकानच पलीकडच्या बाजूला असल्यामुळे मला हे कधी जाणवलं नव्हतं. मला वाटायचं, गिऱ्हाईकं येतायत.) साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, की दाराच्या वर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहा: ‘आत येताना भिऊ नका’. मला फार आवडलं. दुसऱ्याला धीर देणारं वाक्य रंगवायला मिळणं हे भाग्यच. एरवी आयुष्य ‘येथे गाडी लावू नये’ लिहिण्यात जातं.

आता एवढ्या उंचीवर लिहायचं म्हणजे शिडी हवी. शिडी घरात नव्हती. (ती कुठे आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. माळ्याला रंग देऊन झाला असेलच.) म्हणून मी दोन पिंपांवर फळी टाकली. माझी सवय अशी, की सही आधी करायची, कारण हात ताजा असताना बारीक अक्षर नीट उतरतं. तेव्हा डाव्या कोपऱ्यात ‘सुबक’ लिहिलं, मग देवाचं नाव घेऊन ‘आत येताना’ लिहिलं, मग ‘भिऊ’ लिहिलं आणि फळी संपली. पिंपं उजवीकडे सरकवायची, तर तिथे ठाण्याची जीप उभी. जीपचं चाक बसलेलं, जादा चाकही बसलेलं, आणि जे सामान हवं होतं ते तालुक्याहून यायचं होतं. हवालदार म्हणाले, “दोन दिवस थांबा हो, ‘नका’ कुठे पळून जातंय?”

तेव्हापासून, दाजी, भर रस्त्यावर, सरकारी भिंतीवर, माझ्या सहीनिशी एक वाक्य उभं आहे: ‘आत येताना भिऊ’.

लोक थांबून वाचू लागले. पहिल्या दिवशी निवृत्त मराठीच्या बाई काठी टेकत थेट आत गेल्या. ही सूचना नसून प्रस्ताव आहे, असं त्यांनी साहेबांना समजावलं. ‘चला, बसू’ तसं ‘चला, भिऊ’. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिता पिता बाई सहज म्हणाल्या, की रोज दुपारी कोणीतरी माझ्या दाराची बेल वाजवून पळून जातं आणि मी एकटी असते. वर्षभर त्यांनी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हवालदार त्यांच्याकडे दुपारभर बसले. आरोपी पाल निघाली. बेलच्या बटणामागे तिने बिऱ्हाड केलं होतं. पण हवालदार अजूनही दर मंगळवारी जातात. बाई त्यांचं शुद्धलेखन तपासतात आणि पंचनाम्याची भाषा बरीच सुधारली आहे असं ऐकतो.

मग दूधवाला गेला. त्याला फक्त ‘शब्द राहिलाय’ एवढंच सांगायचं होतं. सांगून निघताना त्याने मागच्या अंगणाकडे बोट केलं आणि विचारलं, “ती सायकल कधी सुटणार?” ती त्याचीच होती. वर्षापूर्वी हरवलेली, कोणाला तरी सापडलेली, बेवारस म्हणून ठाण्यात आणून ठेवलेली. त्याला ती रोज कुंपणावरून दिसत होती, पण त्याची समजूत अशी, की तिला अटक झाली आहे आणि मालक म्हणून नाव सांगितलं तर आपल्यालाही होईल. वर्षभर हा माणूस दोन्ही हातांत किटल्या घेऊन पायी फिरला.

यानंतर रीघ लागली. शिंपी, कंपाउंडर, भांडणारे शेजारी. सगळे माझी चूक दाखवायला आत जात आणि आपलं गाऱ्हाणं सांगून बाहेर येत. मी समोर बसून बघत होतो आणि मला कोडं पडलं होतं. स्वतःचं दुखणं घेऊन जो उंबरा ओलांडवत नाही, तो दुसऱ्याची चूक हातात असली की कसा ओलांडला जातो? की माणसाला दारातून जायला काहीतरी हातात लागतंच, नुसते हात लाजतात? ठाण्यातही फरक पडला. एकाचे दोन बाक झाले. नोंदवही सांभाळणाऱ्या पोलीसबाईंना आता पाठ झालं आहे. कोणी ‘शब्द राहिलाय’ म्हटलं, की त्या पेनचं टोपण काढून विचारतात, “बरं. आणि खरं काय?”

जीप दुरुस्त होऊन हलली तेव्हा मी लगबगीने गेलो. साहेब दारातच भेटले. म्हणाले, “सुबक, ‘नका’ लिहू नका.”

त्यांचं खरं होतं, पण माझं काय? बेकरीवाल्याने नवी पाटी लिहायला दुसऱ्याला बोलावलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी फाटकाचं काम ‘तूर्त’ थांबवलं. तीस वर्षं मी अक्षराला देव मानलं. काना, मात्रा कधी चुकू दिली नाही. आणि माझी ओळख काय, तर अर्ध्यावर सोडणारा. रात्री जपाला बसलो तरी मण्यामण्याला ‘नका’च तोंडी येई.

म्हणून मंगळवारी ठरवलं, की भिंतीशी पडून असलेल्या पिंपांवर चढून कोणाला न विचारता तो शब्द लिहून टाकायचा. पाचव्या खेपेला मी दारात उभा असताना पोलीसबाईंनी आतूनच हाक मारली. “सुबकदादा, महिनाभर समोरून बघताय. आत कधी आलात का?”

दाजी, मी आठवून पाहिलं. नव्हतो. मोजमाप बाहेरून घेतलं, बोलणं व्हरांड्यात झालं. सगळ्या गावाला ‘भिऊ नका’ सांगायला निघालेला मी, तो उंबरा एकदाही ओलांडला नव्हता.

आत गेलो. बाकावर बसलो, डबा मांडीवर. म्हणालो, “शब्द राहिलाय.”

“ते माहीत आहे. आणि खरं काय?”

आठ महिने मनात धरून ठेवलेलं मी सांगून टाकलं. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. या वेळी शेवटी.

तुमचा,
सुबक

ता. क. ते शिडीचं होतं. तुम्ही दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती. अकरा पायऱ्या, चौथीला तार बांधलेली, ओळखीची खूण म्हणून तेही नोंदवलं आहे. बहिणीच्या नवऱ्याकडे वस्तू परत मागायची कशी, हे मला आठ महिन्यांत सुचलं नाही. पोलीसबाईंनी विचारलं, “हरवली की चोरीला गेली?” मी म्हटलं, दोन्ही नाही, दाजींकडे आहे. त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं, ‘शिडी नात्यात अडकली आहे’. साहेब म्हणाले, गावातल्या अर्ध्या तक्रारी याच सदरात बसतील.

ता. क. २. शिडी आली, की ‘नका’ लिहायला साहेबांची परवानगी मिळाली आहे. आता लोकांना यायची सवय लागली, असं ते म्हणाले.

ता. क. ३. रविवारी हवालदार जीप घेऊन तुमच्याकडे येत आहेत. चहा बिनसाखरेचा घेतात. ताईला आधी सांगून ठेवा आणि ते दारात दिसले की भिऊ नका. (पूर्ण लिहिलं आहे, बघून घ्या.)