तुम्ही फेकायला लावलेली प्लेट

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर दात धरून आहे. येत्या सोमवारी तुमचा स्मृतिदिन, आणि कॉलेजनं व्याख्यानाला मलाच बोलावलंय. मी विषय कळवला: यीस्ट औषधाला दाद का देत नाही. प्राचार्यांना वाटलं, काय ही गुरुभक्ती! माझा बेत वेगळाच होता. हार घातलेल्या तुमच्या फोटोशेजारी उभं राहून, तुमच्या मुलासुनांच्या देखत तुम्हाला तोंडघशी पाडायचं. मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तेव्हा तुम्हाला त्याचं काहीच नाही. पण मला ते हवं होतं. एकोणीस वर्षं हवं होतं.

तुम्हाला तो दिवस आठवायचं कारण नव्हतं. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तुमच्या हाताखाली. मे महिना, इन्क्युबेटरचं दार उघडलं की आतून गार वाटतं असलं सोलापूर. चार दिवसांपूर्वी मी वॉर्डात मंद्रूपच्या एका बाईंच्या तोंडातून नमुना घेतलाय. एचआयव्हीच्या पेशंट, घशापर्यंत पांढरा थर, आणि त्यावरच्या फ्लुकोनॅझोलच्या त्याच गोळ्या तिसऱ्यांदा चालू. कापसाची काडी फिरवताना त्या माझं मनगट धरतात. "बाई, पानीबी उतरत न्हाय वो. भाकर कवा खाता यील?" मी सांगते, रिपोर्ट आला की डॉक्टर औषध बदलतील. आणि आता त्या नमुन्यातलं यीस्ट वाढवलेली प्लेट माझ्या हातात आहे. त्याच औषधाच्या कागदी डिस्कभोवती स्वच्छ गोल पडायला हवा होता, तो नाहीच. यीस्ट पार डिस्कच्या कडेपर्यंत दाटून आलंय, जणू तिथं औषधच नाही. मी सीरमची टेस्टही करून स्लाइड तयार ठेवली आहे. पेशींना लांब कोंब फुटलेत, म्हणजे हे रोग करणारं कॅन्डिडाच, दुसरं यीस्ट नव्हे. मी पळत तुमच्याकडे येते.

तुम्ही प्लेट ट्यूबलाइटसमोर धरलीत. स्लाइड बघायची तसदी घेतली नाहीत. आणि सहा मुलांसमोर म्हणालात, "हे तुमच्या बेकरीचं यीस्ट पडलंय गं. उद्यापासून घरून अंघोळ करून येत जा." पोरं हसली. ती प्लेट तुम्ही मला माझ्याच हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावलीत, आणि रिपोर्टवर लिहिलंत: बाहेरचं यीस्ट, नमुना पुन्हा पाठवा. खाली तुमची ती वळणदार सही. त्या बाईंना त्याच गोळ्या चालू राहिल्या. दोन आठवड्यांनी त्या यायच्या बंद झाल्या. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, म्हणजे माहीतच आहे.

घरी सांगितलं तेव्हा अब्बा मैदा मळत होते. हात न थांबवता म्हणाले, "तेरे सर कू पूछ, रोज सुबू हमारेच पाव खाते, तब खमीर नै दिखता क्या?" खरंच की. तुमच्या घरी आमच्याच भट्टीचे पाव यायचे. अब्बा तुम्हाला भेटायला निघाले होते, मीच अडवलं.

पण एक गोष्ट तुम्हाला कधी कळली नाही. प्लेट तुमच्याकडे आणण्याआधी मी त्यातली एक कॉलनी उचलून काचेच्या नळीत, तिरप्या गोठवलेल्या अन्नावर, म्हणजे स्लँटवर लावून ठेवली होती. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी तिला नवी नळी. नोकऱ्या बदलल्या, तुमच्यासारखी खुर्ची दुसऱ्या कॉलेजात मला मिळाली, फ्रिज बदलले. नळी सुटली नाही. बाळंतपणात अम्मीनं चाळीस दिवस घराबाहेर पडू नको म्हणून बजावलं, तरी एक दिवस रिक्षा करून लॅबमध्ये आले आणि नळी बदलून गेले. लेकराला मागं ठेवून! एवढी सेवा मी कुणाचीच केली नाही. या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात मोठ्या प्रयोगशाळेत लागली, तिच्याकडे ती नळी पाठवली. म्हटलं, सगळा डीएनए वाच, औषधाची चाचणीही कर आणि मला कागदावर दे.

कागद गुरुवारी आला. कॅन्डिडाच आहे, बेकरीचं यीस्ट नाही. मी खुर्चीतून उठलेच. मग दुसरं पान उलटलं. फ्लुकोनॅझोलच्या अगदी थोड्या डोसानं हे यीस्ट निमूटपणे थांबतं. आता शिकवते तुम्हाला, नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. हे वाक्य तुमचंच. कॅन्डिडात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. औषधाचा मारा सुरू झाला की काही पेशी पाचव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याच्या जादा प्रती करून घेतात. औषध बाहेर फेकणारे पंप चालू करणारा जीन त्याच तुकड्यावर असतो. प्रती जास्त, पंप जास्त. पण औषध नसेल तर हे नुसतं ओझं. ज्या पेशी ते टाकून देतात त्या भराभर वाढतात आणि बाकीच्यांना मागं सारतात. माझ्या नळ्यांत औषध नव्हतं. मी एकोणीस वर्षं त्याला साधं, गोड, सुखाचं खायला घातलं आणि पुरावा माझ्याच हातानं पुसून टाकला. जादा तुकडा होता की नव्हता, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही असतात तर चष्मा वर करून म्हणाला असतात, "बघ, तुझी कॅन्डिडा साधीच निघाली. डिस्कपर्यंत आलं होतं ते बेकरीचंच." आणि पोरं पुन्हा हसली असती.

पहिलंच पान दाखवावं, असं दोन दिवस मनात आहे. सभागृहाला काय कळणार आहे? अजूनही ठरलेलं नाही. तुम्हाला माफी मात्र नाही, हे ठरलेलं आहे. तुम्ही स्लाइड बघायला हवी होती. एक मिनिट लागलं असतं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, म्हणून एक लिहिते. त्या दिवशी प्लेट टाकून मी रडत जिना उतरत होते, तेव्हा वॉर्डाच्या डॉक्टर वर येत होत्या. स्लँट माझ्या पर्समध्ये होता. त्यांनी थांबून विचारलं, "मंद्रूपच्या बाईंचा रिपोर्ट काय गं? औषध बदलू का? इंजेक्शन आहे आपल्याकडे." मी डोळे पुसले आणि म्हणाले, "सरांनी सही केलीय, मॅडम. त्यात सगळं आहे." गोळ्या लागू पडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. बाई बऱ्या झाल्या नाहीत की तुमचं नाक कापलं जाईल, असं मला वाटलं, आणि त्या जिन्यात मला बरं वाटलं.