उघडलेल्या सात वड्या

देऊळगाव राजा,
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

एक गंभीर तक्रार नोंदवतो. जीपवाल्या गोपालच्या हाती तू पाठवलेला सांबारवड्यांचा डबा काल पोचला. बारांपैकी सात वड्यांनी कढईतच उदर विदीर्ण करून देहत्याग केलेला. पारी एकीकडे, कोथिंबिरीचं सारण दुसरीकडे, आणि खसखस सर्वसंगपरित्याग करून तळाशी बसलेली. आम्ही ते सारं चमच्याने खाल्लं. तुझ्या लाडक्या भाचीने, मनालीने विचारलं, की आत्याने या खेपेला भेळ पाठवली का.

पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय, त्यामुळे चुका बघायची सवय आहे. पण ताईच्या वडीत चूक, हे आजवर पाहिलं नव्हतं. खुलासा यावा.

दाजींना जयभीम. लोभ आहेच; पुढच्या वडीसारखा तो घट्ट मिटलेला असावा.

तुझा
प्रसेनजित

धाड,
१३ डिसेंबर २०२४

चि. प्रसेनजितास,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

मास्तर, तुही तक्रार सगळ्यांसमोर वाचली. तुहे दाजी हसून हसून बेजार झाले. आता ऐक. त्या सात वड्या माह्या नव्हत्याच. सूनबाई मयुरी शिकून राह्यली, म्हणून सात तिनं वळल्या, पाच मी. नवशिकी आहे, तिले नावं ठेवू नको. त्यात सांबारही, तुमची कोथिंबीर, ओला निघाला.

फोनवर तू विचारलं, आवाज काऊन थकला. थंडी पडली, दुसरं काही नाही. माहा चष्मा सापडून नाही राह्यला, म्हणून हे पत्र मी सांगितलं अन् मयुरीनं लिहिलं. तू आपला आयतं खात जा अन् गप राहात जा.

मनालीले पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुही ताई
धम्मशीला

देऊळगाव राजा,
१८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

खुलासा पोचला. तो मान्य नाही.

मयुरी लग्नानंतर आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिने वड्या केल्या होत्या. ती नवशिकी नाही. कडा ती काट्याने दाबते. तू टोकांना तीन-तीन चिमटे काढतेस, आईसारखे. डब्यातल्या पाच घट्ट वड्यांवर काट्याच्या रेघा होत्या. उघडलेल्या सातांवर चिमटे होते, तेही पुसट, बोटं नुसती टेकवल्यासारखे. मला हे डबा उघडला तेव्हाच दिसलं. सरळ विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून थट्टा केली.

स्वतःवरचा ठपका सूनबाईने स्वतःच्या अक्षरात निमूट लिहून घेतला. तिला माझे आशीर्वाद सांग. पण ताई, चष्म्याशिवाय तुला वड्या वळता येतात आणि पत्र लिहिता येत नाही, हे कसं? तुझा उजवा हात चालत नाही ना?

आईचं असंच सुरू झालं होतं. थापताना भाकरी फाटायची आणि आपण पिठाला नावं ठेवायचो. दीड वर्षाने दवाखान्यात नेलं, तेव्हा तिला घास गिळता येत नव्हता. आणखी आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी खाली पाहिलं.

शनिवारी सकाळच्या बसने धाडला येतो. बुलढाण्याला मेंदूच्या डॉक्टरांची दुपारची वेळ घेतली आहे. दाजींना सांगितलं नसशील, तर आपण दोघं मिळून सांगू. कदाचित नुसती शीर दबली असेल. तसं निघालं तर मला जन्मभर भित्रा म्हण, मी ऐकून घेईन. मयुरीला रागावू नकोस, तिने मला काहीही कळवलेलं नाही. आणि माझ्यासाठी काही करत बसू नकोस.

लोभ असू दे, नसू दे, शनिवारी तयार राहा. ताई, आईचं दुखणं तुझ्या हातात उतरलं असेल, या विचाराने मी फार घाबरलो आहे.

तुझा
प्रसेनजित