पुढच्या वर्षी तू

प्रिय शदलिया,

तुझ्या नणंदेने आणलेलं बदामाच्या मिठाईचं ताट पोचलं. अजून झाकलेलंच आहे. आमच्या उमैमाला तुमच्या हमदीसाठी मागणी घातलीस, तीही दुसऱ्याच्या तोंडून. तुझी नणंद भली बाई. चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी म्हणतात, आमची तर बहिणीबहिणींसारखी मैत्री. वसीला कशाला नाही म्हणेल?" मी तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला. फोनवर बोलले तर माझा आवाज चढेल, म्हणून हे पत्र.

पोरांची ओळख ट्यूनिसला कॉलेजात झाली. उमैमा सुट्टीत घरी आली की भांडी घासताना गुणगुणते. विचारलं तर म्हणते, "काही नाही गं आई." असलं 'काही नाही' मला कळतं. तौफिकलाही स्थळ पसंत आहे. नाही म्हणणारी मी एकटीच, आणि त्याचं कारण बापलेकीने आपल्या मनाशी ठरवूनही टाकलंय. हिचा जुना राग, दुसरं काय!

राग आहेच. खोटं कशाला लिहू? सध्या आमच्या नाबुलमध्ये कडू नारिंगाच्या फुलांचे दिवस आहेत. अंगणात चादर पसरली की तू आठवतेसच. आपण दोघी मॅट्रिक, दोघींच्या मांडीवर तान्ही पोरं, आणि डोक्यात शाळेत फ्रेंच शिकवायचं वेड. चुलीवर तांब्याचं कत्तार चढलेलं, त्यातून थेंब थेंब अर्क गळतोय, आणि देठ खुडत आपण क्रियापदं चालवतोय. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. कर्ता मी सांगायचा, रूप तू म्हणायचंस. बाकीचे काळ तू धडाधड म्हणायचीस, पण 'प्ल्यू-क-पार्फे' आला की अडलंच. एक गोष्ट घडली त्याच्याही आधी जी घडून गेली होती, तिचा तो काळ. 'जाणं-येणं' याला एक सहाय्यक क्रियापद लागतं, 'करणं-खाणं' याला दुसरं, आणि तू हटकून अदलाबदल करायचीस. 'झावॅ पार्ती' म्हणालीस की मी मूठभर फुलं तुझ्या डोक्यावर टाकायची. "अगं बाई, तुझ्या हाताखाली पोरं काय शिकणार? झेतॅ पार्ती, 'मी गेले होते'! म्हण पुन्हा." तू कान पकडून म्हणायचीस, "चुकलं मास्तरीणबाई, छडी तेवढी नको!" आणि आतून माझ्या सासूबाई ओरडायच्या, "त्या फिरंग्यांच्या मंत्रांपायी माझं कत्तार करपवाल गं!"

शिक्षिकेच्या परीक्षेला दोघींनी एकदम जाणं शक्य नव्हतं. पोरं कोण सांभाळणार? सासूबाईंना नीट दिसतही नव्हतं. तुझ्या नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं, पगाराची गरज तुला जास्त, म्हणून मीच म्हटलं, यंदा तू जा. तू माझे दोन्ही हात धरलेस. "वल्लाही, शपथेवर सांगते वसीला, पुढच्या वर्षी तू. तुझ्या पोरीला मी बघेन, अगदी कुठेही असले तरी येईन." हमदीला माझ्याकडे ठेवून तू पहाटेच्या बसने ट्यूनिसला गेलीस. संध्याकाळी परत आलीस ती नाचतच. तोच काळ विचारला होता म्हणे, आणि तेच 'जाणं'. मला वाटलं, पेपर मीच लिहून आले.

तू पास झालीस, बिझर्तला शाळा मिळाली. वर्षाने माझी पाळी आली. आदल्या दिवशी तू येणार होतीस. उमैमाचे कपडे धुऊन ठेवले होते, तुझ्यासाठी माशाचं कुसकुस करून ठेवलं होतं. तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून दारात बसले, दिवस मावळून मगरिबची अजान झाली तरी तिथेच. सकाळी पोरीला काखेत मारून स्टँडवर धावले, म्हटलं बसमधून तरी उतरशील. बिझर्तकडची बस आली, त्यातून तू उतरली नाहीस. ट्यूनिसची बस तेवढ्यात निघून गेली होती.

मुख्याध्यापकांनी सुट्टी दिली नाही, असा निरोप नंतर आला. मी तोही मानला असता गं. पण तुझ्या मावशीनेच सांगितलं की त्या संध्याकाळी तू हमामेतला चुलतबहिणीच्या मेंदीला होतीस, आणि कुणी माझं नाव काढलं तेव्हा म्हणालीस, "वसीला? तिला कुठे जमणार परीक्षा! मीच तिला क्रियापदं शिकवत होते, काही शिरलं नाही डोक्यात." सगळ्या हसल्या म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या पोटात धाकटा होता, आणि तौफिक म्हणाला, आता पुरे. अल्लाने नशिबात लिहिलं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली. पण नशीब अल्ला लिहितो, शदलिया. मेंदीत बसून खोटं बोललीस ती तू.

तरीही त्यासाठी मी पोरीचं लग्न मोडलं नसतं. तुझ्या परीक्षेच्या दिवशी हमदी दुपारपर्यंत रडत होता. बाटली तोंडाला लावू देईना, रडून रडून निळा पडला. शेवटी बिस्मिल्ला म्हणून मी त्याला पदराखाली घेतला. पोटभर प्यायला आणि उमैमाच्या शेजारी झोपला. एका बाईचं दूध प्यालेली पोरं भाऊबहीण होतात, त्यांचा निकाह होत नाही, हे तुला मी सांगायला हवं का? त्याच संध्याकाळी तुला सांगितलं होतं. तू हसून म्हणालीस, "घ्या, माझ्या लेकाला दोन आया झाल्या!" तो दिवस तू असा पुसून टाकलास, की त्यातलं दूधही पुसलं गेलं? विसरलीस की विसरायचं ठरवलंस, ते तुलाच ठाऊक. तेव्हा घरात सासूबाईंशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यांना जाऊन वर्षं झाली. मी एकटीने सांगितलं तर उमैमा म्हणेल, परीक्षेचा सूड उगवायला आईने दूध शोधून काढलं, आणि जन्मभर माझं तोंड बघणार नाही. म्हणून नुसता नकार देऊन ताट परत पाठवत नाहीये. गुरुवारी ती घरी येते. हमदीला घेऊन ये, आणि दोघांना समोर बसवून तुझ्या तोंडाने सांग. नणंदेला पाठवू नकोस.

तुला कधीकाळी आपली मानणारी, हमदीची दूध-आई,
वसीला